साबरबोंडाची कुळकथा

मृग सरून आर्द्रा लागल्या, एक-दोन रात्री आभाळ चांगले गडगडले आणि मग सकाळी लख्ख उघडीप पडली, की आमची आजी कोणाला न सांगता घरातून नाहीशी होत असे. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, सेलूच्या अंगाला. गावाच्या पाठीशी बोरचे रान. तासा-दोन तासांनी ती परत येई तेव्हा तिच्या ओच्यात पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या सात्या असत. सात्या म्हणजे अळंब्या. कोकणात अळंबी म्हणतात, गोव्यात ओलमी म्हणतात, पुस्तकात भूछत्र म्हणतात. आमच्या विदर्भात लहान, पांढऱ्या, वारुळावर दाटीने उगवणाऱ्या त्या सात्या आणि जाड देठाचे, मोठ्या छत्रीचे ते टेकोडे. एकदा मी हट्टाने तिच्या मागे गेलो होतो. वारुळापाशी पोचल्यावर तिने पहिले काम काय केले, तर मला दरडावले : “जागा कोनाले सांगू नोको, पोट्ट्या.” मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

वारूळ आणि अळंबी यांचा संबंध तिला पुरता ठाऊक होता, पण त्याचे कारण मला फार उशिरा, पुस्तकातून कळले. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा खाते खरी, पण तो तिला थेट पचत नाही. म्हणून ती वारुळाच्या पोटात त्या चघळलेल्या चोथ्याचे वाफे करते, त्यावर एक बुरशी वाढवते आणि त्या बुरशीने मुरवलेला चोथा खाते. म्हणजे शेतीच म्हणायची. माणूस नांगर धरण्याच्या लाखो वर्षे आधीपासूनची. पावसाळ्यात त्या बुरशीला फळ धरते, ते माती फोडून वर येते, आणि ते आपण तोडून आणतो. आजी वाळवीच्या शेतातली चोरी करीत होती, एवढाच त्याचा अर्थ.

घरात मात्र ही चोरी उजळ माथ्याने येत नसे. आमचे आजोबा कडक सोवळ्याचे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला ‘कवक’ म्हणजे अळंबे बसवून ते द्विजांना वर्ज्य ठरविले आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. तेव्हा सात्या स्वयंपाकघरातल्या चुलीवर चढत नसत. अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या मडक्यात, तेल-तिखट-मिठावर शिजत. दुपारी पान वाढले जाई. आजोबा “आज काय?” असे एरवी रोज विचारीत, त्या दिवशी विचारीत नसत. मान खाली घालून, एकही शब्द न बोलता, चार भाकरी जेवून उठत. आणि एक गोष्ट मला फार पुढे आठवली : रात्री गडगडाट झाला की सकाळी आजीच्या वहाणा दाराशी, तोंडे बाहेर करून, नीट जोडून ठेवलेल्या असत. आजी तर त्या कधीच नीट काढीत नसे.

हे सगळे इतक्या वर्षांनी मनात वर आले ते एका चित्रपटामुळे. २०२५ च्या सप्टेंबरात ‘साबर बोंडं’ नावाचा मराठी चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्सच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि तिथे जगभरच्या कथापटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. बड्या कंपनीच्या हुकमाखाली न राहता, ठिकठिकाणच्या माणसांनी आपापला हातभार लावून उभा केलेला. अशा चित्रपटांना हल्ली स्वतंत्र चित्रपट म्हणतात. यात पार्श्वसंगीत नाही, धावपळ नाही. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर महाराष्ट्रातल्या एका कोरड्या, डोंगराळ गावी दहा दिवसांच्या सुतकासाठी येतो. भावकी जमलेली, खाण्यापिण्याचे नेम चाललेले, आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न : लग्न कधी? गावातच बाल्या आहे. शेतकरी, शेळ्या राखणारा, लहानपणचा सोबती. त्याच्याही घरी तोच प्रश्न. या दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. आईला मुलाचे मन ठाऊक आहे. एवढीच कथा. आणि बाल्या आनंदसाठी जे शोधून आणतो ते काटेरी निवडुंगाचे लालजांभळे फळ, साबरबोंड. कानवड्यांना ही कल्पना स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर गावी दहा दिवस बसले असताना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. ते पडद्यावर दिसते. सुतकातले घर इतके खरे मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेले नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर हा चित्रपट पाहावा की नाही, असे मला दोघा-तिघांनी विचारले. मी म्हणतो, अवश्य पाहावा. आणि ज्यांना पडद्यावर पुरुषाने पुरुषाशी संसाराच्या गोष्टी बोललेल्या पाहून ओशाळल्यासारखे होते, त्यांना मी आपल्या पडद्याच्या जन्माची आठवण करून देतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर राबणारा आचारी, अण्णा साळुंके, पंधरा रुपयांवर तारामती झाला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम तोच आणि सीताही तोच! म्हातारे-कोतारे पडद्यावरच्या रामाला हात जोडत आणि त्याच आचाऱ्याची सीता अशोकवनात रडली की डोळे पुसत. चित्रपट काढायच्या आधी सावकारांना पटावे म्हणून फाळक्यांनी कुंडीतला वाटाणा रुजताना, वेल होताना, क्षणाक्षणाने टिपून दाखविला होता. आणि दादरच्या घरी सगळ्या मंडळींचे जेवणखाण करून रात्री फिल्मच्या कडांना भोके पाडीत बसणाऱ्या सरस्वतीबाई होत्याच. तेव्हा प्रेम, अन्न आणि रुजणारे रोप ही त्रयी आपल्या चित्रपटात आज शिरलेली नाही. असो. मला सांगायची आहे ती त्या बोंडाची कुळकथा.

आमच्या पिढीने निवडुंग पाहिला तो कुंपणाला, गावकुसाला, पडक्या वाड्यांच्या मागे. हाताच्या पंजासारख्या चपट्या, मांसल फड्या एकावर एक चढलेल्या, प्रत्येक फडीवर लांब सुईसारखे काटे. ते काटे दिसतात तरी. बोंडावर असतात ती कुसे. केसाहून बारीक, झुबक्याझुबक्याने. ती दिसत नाहीत आणि बोटात शिरली की आठवडाभर निघत नाहीत. म्हणून बोंड काढायचे ते काडीच्या चिमट्याने, मग वाळूत किंवा खरखरीत गवतावर घोळायचे, नाहीतर निखाऱ्यावर फिरवून कुसे जाळायची आणि मग साल काढायची. आत गडद लाल गर, बारीक कडक बिया, आणि अशी एक थंड, पाणीदार गोडी की उन्हात गुरे वळणाऱ्या पोरालाच तिची किंमत कळावी. खाऊन घरी गेले की लपवायची सोय नाही. जीभ साक्ष देते.

हे झाड आपलेच, असे आम्ही धरून चाललो होतो. ते आपले नाही. आपला निवडुंग वेगळा. त्रिधारी, दुधी चिकाचा, औषधाला वापरायचा. परदेशातून आलेल्या या पाहुण्याला लोकांनी त्याच्याच नावाने हाक मारली आणि ओळखीसाठी मागे ‘फड्या’ लावले. पाहुणा आला अमेरिकेतून, आणि तिथे त्याचा मान मोठा. मेक्सिकोच्या निशाणावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. असा गरुड दिसेल तिथे नगर वसवा, हा देवाचा कौल मिळून १३२५ साली त्यांची राजधानी वसली, अशी त्यांची आख्यायिका.

तिथल्या लोकांना निवडुंगाचे फळ प्रिय होते, कोवळी फडी भाजीला चाले, पण पैसा होता तो तिसऱ्याच गोष्टीत. निवडुंगाच्या फडीवर पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यात एक बारीक किडा राहतो. तो चिरडला की रक्तासारखा तांबडा रंग निघतो. ओआहाका प्रांतातले शेतकरी हा किडा पाळीत, ब्रशाने झाडून गोळा करीत, वाळवीत. एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागत. स्पेनच्या राज्याला मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल उत्पन्न या किड्याचे होते. युरोपातल्या सरदारांचे झगे, चर्चमधल्या कार्डिनलांची वस्त्रे, इंग्रज अधिकाऱ्यांचे तांबडे डगले याच रंगात बुडत. आणि हा रंग किड्याचा की बियांचा, हे स्पेनने पिढ्यानपिढ्या बाहेर कळू दिले नाही. आजीला सात्यांची जागा लपविता येते, तर राजाला का येऊ नये?

पण जागा फुटतेच. १७७७ साली तिएरी द मनोंव्हिल नावाचा एक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ संधिवाताच्या दुखण्यावर औषधी झऱ्यांचे स्नान करायचे निमित्त काढून मेक्सिकोत शिरला, ओआहाकापर्यंत पोचला आणि किड्यांसकट फड्या पेट्यांत भरून पळवून घेऊन गेला. १७८० साली तो वारला. त्याचे बेत त्याच्याबरोबर गेले. पण बातमी सगळीकडे पसरली आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीलाही तांबड्या रंगाची स्वप्ने पडू लागली.

मद्रासेत कंपनीचा डॉक्टर जेम्स अँडरसन हा मोठा उद्योगी गृहस्थ. १७८६ पासून तो लंडनला पत्रांवर पत्रे पाठवू लागला की हा किडा हिंदुस्थानात वाढवता येईल. त्याने मद्रासजवळ निवडुंगाची बागच लावली. ठिकठिकाणाहून फड्या आणून रुजविल्या, वाटल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत धाडल्या. वाण होते, किडा नव्हता. खरा किडा आणील त्याला २,००० पौंडांचे बक्षीस कंपनीने जाहीर केले. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाचा एक गृहस्थ ब्राझिलातल्या रिओ दी जानेरोहून येताना काही फड्यांवर किडे घेऊन कलकत्त्यास उतरला. आनंदीआनंद झाला. पण हा किडा मेक्सिकोचा पाळीव, भरघोस रंगाचा नव्हे. रानटी, खादाड, आणि रंगाला कमअस्सल. त्याने रंग दिला थोडा आणि लावलेला निवडुंग मात्र फस्त केला. कंपनीचा व्यापार बुडाला. पण परक्या झाडाला किड्याने संपविण्याचा जगातला पहिला दाखला म्हणून त्या फजितीची नोंद आज शास्त्राच्या पुस्तकांत मानाने होते.

त्या किड्याला एकाच जातीचा निवडुंग आवडे. बाकीच्या जाती त्याच्या तावडीतून सुटल्या आणि देशभर पसरल्या. शेतकऱ्यांनी त्या कुंपणाला लावल्या. पक्ष्यांनी बोंडे खाऊन बिया नेल्या. तुटलेली फडी पडेल तिथे रुजे. हां हां म्हणता गायराने भरली, पाणंदी बुजल्या, विंचू-सापांना घरे झाली, आणि सरकारी कागदांतून निवडुंगाच्या नावाने शंख सुरू झाला. मग आला १८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खनमध्ये जेव्हा दाणा उरला नाही तेव्हा उपाशी माणसे या बोंडांवर आणि कोवळ्या फड्यांवर जगली. जनावरांना काटे जाळून फड्यांचे तुकडे घालीत. ज्याला उपटून टाका म्हणत होते त्याने किती जीव जगविले, याचा हिशेब त्या सरकारी कागदांत शोधू नये.

इथे जाता जाता ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७८८ साली तिकडे गेलेल्या पहिल्या इंग्रज तांड्यानेही वाटेत ब्राझिलातून निवडुंग आणि किडे उचलले होते, त्याच डगल्यांच्या लोभाने. पुढे आणखी जाती गेल्या आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथली सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली. लोक घरेदारे टाकून निघून गेले. तिकडचे एक शिष्टमंडळ जगभर उपाय शोधीत हिंडले, हिंदुस्थानातही आले, आणि इथला तो ‘नापास’ किडा घेऊन गेले. एका जातीवर तो चालला. बाकीच्यांसाठी १९२५ साली अर्जेंटिनातून एक पतंग नेला, त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत रान मोकळे केले. कृतज्ञ शेतकऱ्यांनी बूनार्गा गावी १९३६ साली सभागृह बांधून त्याला त्या पतंगाचे नाव दिले! आपल्याकडे १९२६ साली सिंहलद्वीपाकडून दुसरा एक किडा मद्रास इलाख्यात आणला गेला आणि थोड्या वर्षांत तिथले निवडुंगाचे जंगल वाळून गेले. आज आपल्या गावांतही निवडुंग शोधावा लागतो. चित्रपटातले बोंड दुर्मिळ आहे ते उगाच नव्हे.

निवडुंग ज्या राज्यकर्त्यांनी आणून रुजविला, त्यांनीच आणखी एक काटेरी रोप आणले. त्याला कुठल्याच किड्याने हात लावला नाही. मेकॉलेने १८३७ साली हिंदुस्थानासाठी फौजदारी कायद्याचा मसुदा केला. त्यातून १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरला. या कलमाचे मूळ इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात. आता योगायोग पाहा : नागपूरचे राज्य खालसा झाले १८५४ साली, आणि नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला तो १८६२ सालीच. आधी पुलगावजवळच्या कवठ्याला कचेरी होती. १८६६ साली पालकवाडीला आखणी करून वर्धा शहर वसविले. म्हणजे आमचा जिल्हा आणि ते कलम एकाच वयाचे. आमच्या पाळण्यातच ते आमच्या शेजारी निजविले होते.

त्याआधी आपला समाज या बाबतीत फार उदार होता, असे मी म्हणणार नाही. धर्मशास्त्रांत याला प्रायश्चित्ते सांगितली आहेतच. पण प्रायश्चित्त वेगळे आणि तुरुंग वेगळा. शास्त्राने अळंबेही वर्ज्य केले होते आणि माझे आजोबा मान खाली घालून चार भाकरी जेवत होते. वर्ज्य म्हटलेल्या गोष्टीलाही घरात अंगण असते, तीन दगड असतात, न विचारलेला प्रश्न असतो. कलमाला अंगण नसते. दीडशे वर्षे ते टिकले. २००९ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते दूर केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बसविले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते त्या मर्यादेत कायमचे काढून टाकले. पुढे १ जुलै २०२४ पासून ती दंडसंहिताच गेली. अशा विवाहाला कायद्याने मान्यता द्यायला मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिला. ते काम संसदेचे, असे ठरले. तेव्हा चित्रपटातल्या आनंद-बाल्यांना आज कोणी तुरुंगात टाकीत नाही. भावकीला काय सांगायचे, हा प्रश्न तेवढा उरला आहे. आणि तो मला वाटते त्या कलमापेक्षा जुना आहे.

वर्ध्याचा माणूस अन्न आणि प्रेम यांविषयी लिहू लागला आणि मगनवाडीवरून गेला नाही, असे होत नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी आपला बगीचा दिला, आणि १९३५ च्या आरंभी गांधीजी तिथे राहायला आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांवर लेख लिहिला. सरसूची पाने, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, भुईमुगाची पाने, म्हणजे शेतकरी जे गुरांपुढे टाकतो ते, स्वतः कच्चे खाऊन पाहिले होते. कडुलिंबाची चटणी तर आल्या-गेल्याच्या पानात पडे, आणि पाहुण्यांच्या मुद्रा पाहण्यासारख्या होत. सोयाबीनचे प्रयोगही तिथेच झाले. ते दाणे तेव्हा नवलाईचे. आज आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या बरोबरीने नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे.

रानातल्या, टाकाऊ ठरलेल्या पानात अन्न आहे, हे सुशिक्षितांना सांगणारा असा माणूस दुसरा झाला नाही. पण मगनवाडीत आणि पुढे १९३६ पासून सेगावात जेवणाला ‘अस्वाद’ हे व्रत होते. खायचे ते देहाला लागते म्हणून, जिभेला आवडते म्हणून नव्हे. त्याच्याच शेजारी ब्रह्मचर्य हे व्रत. ताट आणि मन दोन्हींवर एकच पहारा. माझी आजी सेवाग्रामच्या म्हाताऱ्याला देव मानी, सूत कातून देई, पण तिची अळंबी त्या व्रतात बसणारी नव्हती. ती कोणाच्या तरी जिभेसाठीच आणलेली होती.

गांधीजींच्या घरी प्रेमाची कसोटी लागली नव्हती असे नाही. धाकटे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचे मन जुळले. गुजराती वाणी आणि तमिळ ब्राह्मण; दोघांचे बाप देशातले एवढे मोठे. दोघांनी मिळून अट घातली, पाच वर्षे भेटायचे नाही, पत्र लिहायचे नाही. एवढ्या काळाने मन टिकले तर पाहू. ते टिकले. १९३३ साली पुण्यात विवाह झाला. पुढे सेवाग्रामच्या शेवटच्या वर्षांत तर गांधीजींनी नेमच केला की वधूवरांत एक जण हरिजन असेल त्याच लग्नाला आपला आशीर्वाद. ‘नाही’ म्हणणारा बाप हळूहळू कुठवर आला, हे यात दिसते. अरबी भाषेत सब्र म्हणजे धीर, आणि साबरबोंडाच्या झाडालाही तिकडे त्याच धातूवरचे नाव आहे. कानाला तरी आपल्या ‘साबर’शी ते फार जवळचे लागते.

आता रानाची हकीकत. बोरचे अभयारण्य २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. देशातले ते सर्वांत लहान म्हणून ओळखले जाते. वाघ राहिले पाहिजेत याबद्दल माझे दुमत नाही, पण आजी ज्या वाटेने जाई त्या वाटेला आता फाटक आहे. रानाबाहेर बांधावर चिवळ, तरोटा, कुंजर, काटवल असे. सोयाबीनमध्ये तणनाशकाचा फवारा सुरू झाल्यापासून बांध स्वच्छ झाले. स्वच्छ म्हणजे रिकामे. धिंगरी अळंबी शेडमध्ये गव्हाच्या नाहीतर सोयाबीनच्या भुशावर पिकवतात, प्लास्टिकच्या पाकिटात मिळते, आणि चांगली लागते. वाळवीच्या शेतातली मात्र अजून माणसाला पिकवता आलेली नाही. तिथे वाळवीचाच हात लागतो.

आजोबा गेले त्या सालच्या पावसाळ्यात आजी वारुळाकडे गेली नाही. मी विचारले. ती म्हणाली, “आता कोनासाठी?” पुढच्या साली मात्र गेली. माझ्यासाठी गेली असेन असे मला वाटत होते. आईने नंतर सांगितले की त्या साली माझ्या आत्याने जातीबाहेर लग्न केले होते, घरात तिचे नाव घेणे बंद होते, आणि आजी पळसाच्या पानातला अर्धा वाटा झाकून हिंगणघाटच्या मोटारीने कोणाच्या तरी हाती पाठवून देत होती.

अलीकडे ऑगस्टात ठिकठिकाणी कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. गेल्या खेपेस मी गेलो होतो. मांडव, फलक, टेबलावर पाट्या, पाटीवर शास्त्रीय नावे. तरोटा होता, काटवल होते. कोपऱ्यात एक म्हातारी जमिनीवरच फडके पसरून बसली होती, पुढे पळसाच्या पानावर मूठभर सात्या. भाव विचारला, तो मी सांगत नाही. ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही. घेतल्या. मग सवयीने विचारले, “मावशी, कुठल्या?” तिने पैसे मोजून कनवटीला लावले, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “रानातल्या.”